बटन वीस रुपयांचं, मग तीनशे कशाचे?

भोंग्याचं बटन बदलायचे तीनशे का घेतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असताना हे नीट सांगणं होत नाही. भाजीवाले, भंगारवाले, कुल्फीवाले, ज्यांच्या मोटरसायकलवर भोंगा आहे ते सगळे हेच म्हणतात, "भाऊ, बटनच गेलं ना? मंग बटनच लावून द्या. तीनशे काहून घेता?"

बटन उगाच जळत नाही हो. भोंग्याचा आवाज वाढवणारा साठ वॉटचा ॲम्प बारा व्होल्टवर पूर्ण आवाजात पाच ॲम्पियर तरी ओढतो. आपल्याकडच्या धुळीनं बटनाच्या आतली पट्टी काळी पडली आणि तिथं अर्धा ओहम अडथळा आला, तर पाच ॲम्पियरला त्या एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीत साडेबारा वॉट उष्णता तयार होते. वरून मे महिन्याचं ऊन. त्याच जागी, त्याच वायरीवर नवीन बटन लावलं तर तेही त्याच वाटेनं जाणार. म्हणून मी रिले टाकतो, म्हणजे बटनाच्या थोड्याशा करंटवर ॲम्पचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. 30 नंबरच्या पिनेवर बॅटरीची जाड वायर, 87 वरून ॲम्प, आणि हँडलवरच्या बटनातून फक्त 85-86 च्या कॉइलचा करंट, जो अर्ध्या ॲम्पियरलाही पोचत नाही. कॉइलचा सप्लाय चाबीनंतरच्या वायरीवरून घेतो. चाबी काढली की भोंगा बंद. हे न केल्यामुळं किती जण सकाळी किका मारत बसतात, ते तुम्हीच पाहिलं असेल. शंभर सीसीच्या गाडीत तीन ॲम्पियर-अवरच्या आसपास बॅटरी असते. इंजिन बंद ठेवून पारावर अर्धा तास भोंगा वाजवला की ती संपली.

रिले, त्याचा सॉकेट, फ्यूज, वायर, थिंबल, स्लीव्ह, असं सामानच दीडशेच्या वर जातं. उरलेले माझ्या हाताचे. ते मी घेतो आणि घेणार.

पण तीनशे म्हणजे काय, हे मला कळत नाही असं समजू नका. घाटंजीकडच्या खेड्यांत भाजी विकणारे एक काका होते. माझ्या वडिलांच्या वयाचे. ऐन उन्हाळ्यात त्यांच्या भोंग्याचं बटन गेलं. म्हणाले, "बापू, आता सोय नाही. नुसतं बटन टाकून दे. पाऊस आला का पाहू बाकीचं." मी म्हटलं, "काका, फ्यूज नसल तं मी हात लावत नाही." ते काहीच बोलले नाहीत. पिशवी हँडलला अडकवली आणि निघून गेले.

घरी त्यांनी बोर्डातलं जुनं बटन काढलं, हाताला लागली ती बारीक वायर घेतली आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलला पिळली. गाडीला कंपनीचा फ्यूज असतो, पण ही वायर त्याच्या आधीच बांधलेली, त्यामुळं त्या फ्यूजचा तिला काही उपयोग नाही. टाकीखालून ती हँडलच्या मानेजवळून वर गेली. गाडी वळवली की प्रत्येक वेळी ती फ्रेमवर घासणार. घासत घासत एक दिवस आतलं तांबं उघडं पडलं आणि भर रस्त्यात टाकीखालून धूर निघाला. बाजूला दोन कॅरेट पालक-मेथी, वर पेट्रोल. काका पळाले नाहीत. त्यांनी सीट उचकटली, डाव्या हातानं ती वायर धरली आणि ओढून तोडली. वितळलेलं प्लास्टिक तळहाताला चिकटलं. टाकी वाचली, गाडी वाचली. त्या हातानं मात्र पुढं कितीतरी दिवस क्लच दाबता येईना. लोकांच्या घरासमोर भाजी पोचवणारा माणूस बाजारात एका जागी पोतं अंथरून बसला. मला बघून त्यांनी हात पुढं केला, दाखवायला. म्हणाले, "तू सांगतलं होतं बापू."

मला शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं.

तेव्हाचा मी म्हणायचो, अर्धवट काम करण्यापेक्षा न केलेलं बरं. माझ्या हातची गाडी पेटली तर कोणाला तोंड दाखवू? हे आजही मला चूक वाटत नाही. पण मी नाही म्हटल्यानं त्यांची गाडी थांबली नव्हती, फक्त माझ्या हातातून सुटली. फ्यूज आणि होल्डर पन्नासाच्या आत येतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वितीच्या आत तो बसला की पुढची वायर कुठंही घासो, आधी फ्यूज उडतो. लोकांना वाटतं फ्यूज ॲम्प वाचवायला असतो. तो वायर वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीशीच हवा.

आता ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याला मी बटन आणि फ्यूज लावून देतो, रिले मग कापूस विकून पैसे आले की. त्यातले बरेच रिलेसाठी परत येतच नाहीत. मग बटन पुन्हा जळतं आणि गावात सांगतात, याचं काम टिकत नाही. तेव्हा जुना मी आतून म्हणतो, बघ, सांगितलं होतं ना. त्याला काय उत्तर द्यावं, मला अजून सापडलेलं नाही.

तुम्ही याल तेव्हा जळलेलं बटन फेकू नका, सोबत आणा. पिना काळ्या असतील, प्लास्टिक वितळलेलं असेल, तर रिले लागेल. पिना स्वच्छ असतील, नुसती स्प्रिंग तुटली असेल आणि बॅटरीजवळ फ्यूज असेल, तर बटनच बदलून देईन आणि बटनाचेच पैसे घेईन.