हळू

परवा दुपारी 'लो' या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम, 'आय कुड लिव्ह इन होप', ऐकत पडलो असताना स्वयंपाकघरातून बायकोने विचारले, "बंद पडले का?" बंद काही पडले नव्हते, दोन ठोक्यांमधली जागाच तेवढी लांब होती.

हा अल्बम 1994 सालचा. ग्रंज या कर्कश रॉक संगीताच्या गोंगाटाने अमेरिका दुमदुमत असताना मिनेसोटातल्या डलूथ या सुपीरियर सरोवराकाठच्या थंड गावातून अॅलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर हे जोडपे, बेस वाजवणाऱ्या जॉन निकल्सला सोबत घेऊन, ही अकरा संथ गाणी घेऊन आले. शीर्षकेही एकेका शब्दाची. मिमी ड्रम उभ्यानेच वाजवत असे: एक स्नेअर ड्रम, एक झांज आणि बहुधा काड्यांऐवजी ब्रश, एवढाच तिचा संसार.

या प्रकाराला पुढे 'स्लोकोअर' म्हणू लागले. बँडला ते नाव रुचत नसे, आणि मला ते अपुरे वाटते. कारण त्यात संथपणा आला, पण दबका आवाज कुठे आला? आपल्या 'हळू'मध्ये दोन्ही मावतात. वडील रात्रपाळी करून दुपारी झोपलेले असत आणि आम्ही दाराशी पोचलो की आई नुसते ओठ हलवून "हळू!" म्हणे. मग कडी बोटांत धरून, तिचा लोखंडी नाद होऊ न देता, ती कोयंड्यावरून उतरवायची. ती पूर्ण खाली येईपर्यंत श्वास सोडायचा नाही. 'ललबाय' या जवळपास दहा मिनिटांच्या गाण्यात गिटारचा एकेक सूर तसाच उतरतो. त्यामुळे हे गाणे चालू असताना कोणी आवाज वाढवला की मी उगाचच चिडतो. वाढवून ऐकू येईल असे त्यात काही नाही, असे माझे मत आहे. घरात ते कोणी मानत नाही.

शेवटचे 'सनशाइन' म्हणजे पोराबाळांनाही पाठ असणारे एक जुने अमेरिकन गाणे. त्यातली 'माझे ऊन हिरावून नेऊ नका' ही विनवणी इतक्या संथ चालीत कानांवर आली की मागणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असावे असे वाटते. 5 नोव्हेंबर 2022 रोजी मिमी कर्करोगाने गेली. तेव्हापासून मी दहाव्या गाण्यापाशी उठतो. परवाही उठलो, चहा झालाच होता.