कूस बदलताना

आमच्या शुश्रूषा केंद्रात नव्याने कामाला लागणाऱ्या मावशींना आणि मामांना मी पहिल्या दिवशी एकच काम देते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायांतले मोजे काढा आणि टाचा नीट पाहून मला सांगा. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात पक्षाघात झालेले एक आजोबा घरून आमच्याकडे दाखल झाले, तेव्हापासून हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. घरच्यांनी त्यांची मनापासून सेवा केली होती. पाठ स्वच्छ होती, चादरीला एक सुरकुती नव्हती, नखेसुद्धा कापलेली होती. थंडीमुळे पायांत लोकरीचे मोजे मात्र कित्येक दिवस तसेच राहिले होते आणि ते उतरवले तेव्हा डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा, कोरडा डाग दिसला. जिथे पाहायला सांगितले होते तिथे सगळ्यांनी रोज पाहिले होते. टाच पाहा, असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ती जखम भरायला चार महिन्यांहून अधिक काळ लागला.

अशी जखम, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारा बेडसोर, हा अस्वच्छतेचा रोग आहे, असा समज अजूनही पक्का आहे. मलमूत्राच्या ओलाव्याने कातडी नाजूक होते हे खरे, परंतु मूळ कारण दाब हे आहे. शरीराचे वजन हाड आणि गादी यांच्यामधल्या मांसावर सतत पडत राहिले, की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि ऊती मरू लागतात. तुम्हीआम्ही झोपेतही नकळत कूस बदलतो. लुळ्या पडलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या माणसाला ते जमत नाही, म्हणून ते आपण करायचे असते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याचे फरे, डोक्याची मागची बाजू आणि एका कुशीवर झोपणाऱ्याचा कान, ही सगळी ठिकाणे रोज डोळ्यांखालून गेली पाहिजेत.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. कशी बदलावी हे फार थोड्यांना शिकवलेले असते. रुग्णाला पूर्ण आडवे करून खुब्यावर टेकवायचे नाही. पाठीमागे उशी लावून सुमारे 30 अंशांचा कल द्यायचा, म्हणजे माकडहाडावरचा भार सुटतो आणि तो खुब्यावरही येत नाही. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटऱ्यांखाली एक, अशी की टाचा गादीला न टेकता अधांतरी राहतील. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये, कारण गादीवर घासून कातडी आतल्या आत फाटते. रुग्णाच्या अंगाखाली आडवी घातलेली चादर, म्हणजे ड्रॉ शीट, तिची टोके दोघींनी धरून उचलावे.

लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडावे. तो क्षणभर फिका पडून पुन्हा लाल झाला, तर भार काढल्यावर बहुधा निवळतो; फिका पडलाच नाही, तर इजा सुरू झाली आहे असे समजून ताबडतोब सिस्टरला सांगावे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर हा लालपणा पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून मी नव्या मावशींचा हात धरून तो रुग्णाच्या पाठीवर ठेवते आणि आजूबाजूच्या कातडीपेक्षा एखादी जागा गरम, टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का, हे हाताच्या पालथ्या बाजूने पाहायला शिकवते. माझ्या शिक्षणाच्या काळात बॅक केअर म्हणजे स्पिरिट आणि पावडर लावून पाठ जोरात चोळणे, असे आम्हाला शिकवले होते. आता ते करू नये. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, घामात पावडरीचे गोळे होतात आणि दुखावलेला भाग चोळल्याने इजा वाढते. भोक असलेली गोल रबरी उशीसुद्धा टाळावी, कारण तिच्या कडेच्या दाबाने मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. एअर बेड उपयोगी आहे, परंतु तो घेतला म्हणजे कूस बदलायला नको, असे समजणाऱ्या नातेवाइकांना मी हात जोडून विनंती करते की तसे मानू नका.

इथे एक साधा हिशेब मांडते. पूर्ण अंथरुणावरचे 12 रुग्ण असतील आणि प्रत्येकाची कूस बदलणे, डायपर पाहणे, उशा लावणे यांत 10 मिनिटे गेली, तर 120 मिनिटे म्हणजे दोन तास संपतात आणि पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरुवात करावी लागते. पाणी पाजणे, हाकेला धावणे, स्वतः दोन घास खाणे, यांतले काहीच या हिशेबात नाही. शिवाय उचलायला दोघीजणी लागतात. रात्रपाळीत एका मावशीवर इतके रुग्ण सोपवायचे आणि सकाळी जखम दिसली की तिलाच जबाबदार धरायचे, हे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या मदतनिसांसाठी किमान 75 तासांचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. आपल्याकडे जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णांची काळजी घेणाऱ्या मदतनिसांचा, अभ्यासक्रम आहे आणि तो चांगला आहे. तरीही मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत येणाऱ्या कितीतरी बायका काहीही न शिकता थेट रुग्णाच्या खाटेशी उभ्या राहतात, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे.

भरवण्यातली चूक बहुतेक वेळा मायेपोटी होते. आजींनी सकाळपासून काही घेतलेले नसते, त्या अर्धवट झोपेत असतात आणि मावशी त्यांना आडव्याच ठेवून चमच्याने चहा घालते. तो चहा श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. भरवण्याआधी रुग्ण पूर्ण जागा असावा, शक्य तितका ताठ बसवलेला असावा, कवळी तोंडात घातलेली असावी आणि हनुवटी किंचित खाली असावी. अर्धा चमचा द्यावा, गिळल्याची खात्री करावी आणि मगच पुढचा घास द्यावा. पातळ चहा-पाण्याचा ठसका ज्यांना लागतो, त्यांना घट्टसर पेज किंवा मऊ कालवलेला वरणभात अनेकदा सोपा जातो, मात्र ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. खोकला आला नाही तरी घास गिळल्यावर आवाज घोगरा, ओलसर येऊ लागला तर थांबावे. जेवणानंतर किमान अर्धा तास रुग्णाला आडवे करू नये.

युरोबॅग, म्हणजे लघवीच्या नळीला जोडलेली पिशवी, नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी आणि जमिनीला टेकू नये. व्हीलचेअरवर घेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवण्याची सवय वाईट, कारण साठलेली लघवी मागे फिरते. बसते करण्यापूर्वी चाकांचे ब्रेक लावावेत. उठवल्यावर दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसू द्यावे, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते. सदरा घालताना लुळा हात आधी आणि काढताना शेवटी, आणि त्या हाताला धरून कधीही ओढू नये.

अंगाला हात लावण्याआधी काय करणार आहोत हे सांगावे, रुग्णाला कळत नाही असे वाटले तरीही सांगावे. “आजी, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेते,” हे वाक्य उच्चारायला फारसा वेळ लागत नाही. पडदा ओढावा आणि स्पंजिंग करताना जेवढा भाग पुसतो आहोत तेवढाच उघडा ठेवावा. आमच्याकडच्या एक आजी निवृत्त शिक्षिका होत्या आणि स्मृतिभ्रंशाने त्यांना आपल्या मुलीचीही ओळख राहिलेली नव्हती. अंघोळीच्या वेळी त्या ओरडत आणि हात उगारत, त्यामुळे त्यांना त्रासदायक रुग्ण हे बिरुद चिकटले होते. आमच्या एका मावशीने त्यांना आजी म्हणणे सोडून “बाई” म्हणायला सुरुवात केली, खांद्यांवर जुने सुती लुगडे पांघरले, पाणी डोक्यावर न ओतता आधी पावलांवर घातले आणि तांब्या त्यांच्याच हातात दिला. बाई त्या दिवशी शांतपणे स्वतःच्या गुडघ्यांवर पाणी घालत राहिल्या. त्या ओरडत होत्या ते थंडीने आणि परक्या हातांच्या भीतीने, हे आम्हा शिकलेल्या सिस्टरांच्या आधी तिने ओळखले होते.

म्हणूनच या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट मी लक्षात येणे ही मानते. डॉक्टर दिवसातून काही मिनिटे रुग्णाजवळ असतात, सिस्टर औषधांच्या वेळी. मावशी मात्र त्याला पुसते, भरवते, उठवते आणि रोजचा माणूस कसा असतो हे तिला माहीत असते. म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप येतोच असे नाही. अचानक वाढलेली झोप, एकाएकी झालेला गोंधळ, नाकारलेले जेवण, हीच पुष्कळदा पहिली खूण असते.

सकाळी सातला ड्यूटी बदलताना ओव्हर देण्याची, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सांगण्याची, पद्धत आहे आणि पूर्वी त्यात फक्त सिस्टर बोलत. एकदा बाईंच्या हाती तांब्या देणाऱ्या त्याच मावशी दाराशी घुटमळत म्हणाल्या, “सिस्टर, आजोबांनी आज साखर नाही मागितली.” हे आजोबा रोज चहा फिका आहे म्हणून भांडत. आम्ही जाऊन पाहिले तर ताप नव्हता, परंतु श्वास जोरात चालला होता आणि ऑक्सिजन उतरला होता. दुपारपर्यंत एक्स-रेमध्ये न्यूमोनियाची सुरुवात दिसली आणि उपचार वेळेवर झाले. त्यानंतर आमच्या रजिस्टरमध्ये मावशींसाठी स्वतंत्र रकाना आखला. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईंनी पेन धरायला दोन दिवस आढेवेढे घेतले. दहाव्या दिवशी त्यांच्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलेले होते, “खाट नंबर चार, दोन चमचे साखर मागितली.”