तुमच्या वायफायवर जाहिराती का येत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या घरी आलेला पाहुणा आधी वायफायचा पासवर्ड मागतो आणि तासाभरात विचारतोच, "तुमच्याकडं फोन एवढा साफ कसा चालतो? काय यंत्र बसवलंय?" यंत्र नाही, खर्चही नाही. राउटरमध्ये दोन आकडे बदललेत, एवढंच.

निमित्त झाले अण्णा. आमची द्राक्षबाग, त्यामुळे सकाळी चहाबरोबर तासगावच्या सौद्यातले बेदाण्याचे दर फोनवर बघायचे हा त्यांचा नेम. एके दिवशी दराच्या ओळीवर बोट टेकवायला गेले आणि नेमकी तेव्हाच वरून जाहिरात उतरली, पान खाली सरकलं, बोट पडलं जाहिरातीवर. लाल पडदा, 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस', वर फोन थरथरायला लागलेला. अण्णांनी फोन बंद केला, टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. दुपारी मला म्हणाले, "तुझा फोन तिकडं नेऊ नकोस. लागंल त्यालाबी."

आता हे थांबतं कसं? फोनला कुठलीही साइट उघडायची तर आधी तिच्या नावावरून आकडी पत्ता विचारावा लागतो. हा पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये ती तयार झाली, आजही इंटरनेट तिच्यावरच चालतं. बातमीचं एक पान उघडलं तरी मागं पाचपन्नास नावं विचारली जातात आणि त्यातली बरीचशी जाहिरातवाल्यांची असतात. चौकातल्या पानपट्टीवाल्याला पत्ता विचारावा आणि त्यानं ठरावीक दुकानांपुरतं "असं कुणी इथं राहत नाही" म्हणून सांगावं, तसा डीएनएस आपण निवडायचा. जाहिरातीचा पत्ताच मिळाला नाही की जाहिरात उतरत नाही. डेटाही वाचतो.

मी ॲडगार्ड नावाच्या कंपनीचा, जाहिराती अडवणारा फुकटचा डीएनएस घेतला: ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५. राउटरच्या पानावर जायचं (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो), डीएचसीपी (DHCP) नावाच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या दोन चौकटी असतात तिथं हे आकडे भरायचे, सेव्ह करायचं, मग फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करायचं.

आता माझी चूक ऐका, कारण विचारायला येणाऱ्यांतले निम्मे तिथंच फसलेले असतात. पहिल्या चौकटीत मी ॲडगार्ड भरला आणि दुसरीत, अडीअडचणीला असावा म्हणून, गुगलचा ८.८.८.८. जाहिराती कधी गायब, कधी हजर. अख्खा रविवार मी राउटरला शिव्या घातल्या. मला वाटत होतं, पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारतात. तसं नसतं. दुसरी चौकट म्हणजे स्टेपनी नव्हे. फोन मनाला येईल तेव्हा दोघांपैकी कुणालाही विचारतो. म्हणून दोन्ही चौकटींत जाहिराती अडवणारेच पत्ते हवेत. एवढं करूनही गळती राहिली तर राउटरमध्ये आयपीव्ही६ (IPv6, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांची नवी पद्धत) बघा. त्याचा डीएनएस वेगळा असतो आणि इंटरनेटवाल्याचाच तसाच राहून गेलेला असतो. काही कंपन्या आपल्या राउटरमध्ये हे बदलूच देत नाहीत. अशा वेळी स्वतःचा राउटर घ्या, नाहीतर प्रत्येक फोनवर वेगळं करा: अँड्रॉइड ९ पासून पुढं 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, तिथं डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम हे नाव इंग्रजीत भरायचं. त्याचा फायदा म्हणजे शेतात मोबाईल डेटावरही ते चालतं.

यूट्यूबच्या जाहिराती यानं जात नाहीत. आधीच सांगतो, नंतर भांडायला येऊ नका. तिथं व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरातून येतात, एकाचा पत्ता अडवला तर दोन्ही बंद. इन्स्टाग्रामचंही तेच. गुगलवर काही शोधलं की सगळ्यात वरचे 'प्रायोजित' दुवे दाबल्यावर उघडत नाहीत, त्यावरून बायको अजून मला ऐकवते. खालचा दुवा दाब, एवढंच म्हणतो. आणि तुमच्या घरातून कुठल्या साइटी उघडल्या जातात हे आता इंटरनेटवाल्याबरोबर सायप्रसमधल्या ॲडगार्ड कंपनीलाही कळू शकतं, हेही धरून चाला. ते नको असेल तर रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर पाय-होल हे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर बसवून अडवायची यादी घरातच ठेवता येते. मी तेवढ्या भानगडीत पडलो नाही.

मला एकच टोचतं, जाहिरातीवरच चालणाऱ्या छोट्या स्थानिक बातम्यांच्या साइटी. त्यातल्या एकीची वर्गणी भरतो, बाकीच्यांचं फुकट वाचतो. खोटं कशाला बोलू.

अण्णांचा फोन कपाटातून बाहेर आला. दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं आले, "दराखाली त्या छोट्या ट्रॅक्टरची जाहिरात यायची, ती कुठं घालवलीस? किंमत बघत हुतो मी."