आईला मिलानला आणताना

माझं माहेर अंबाजोगाईजवळचं, संसार मिलानला, काम मॉडेलिंगचं. फेब्रुवारी आणि सप्टेंबरात फॅशन वीक असला की कास्टिंगचा, म्हणजे मॉडेल निवडीचा, निरोप आदल्या रात्री येतो, फिटिंग मध्यरात्रीपर्यंत लांबतं. घरात दोन लहान लेकरं. म्हणून सप्टेंबरसाठी आईला बोलवायचं ठरवलं.

सुरुवातच पासपोर्टापासून. आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून (आमच्याकडं त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी, गुरुजींची कृपा!) आणि आधारवर भलतंच साल. भावानं आधी आधार दुरुस्त करून घेतलं, मग अर्ज भरला.

शेंगेन व्हिसा म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. हे सगळं सरळ होतं. अडलं माझ्या कमाईपाशी. एजन्सी कमिशन कापून पैसे देते, तेही काम होऊन कित्येक महिन्यांनी. खात्यात एखादा महिना भरगच्च, पुढचे कोरडे. कागद तपासणाऱ्याला दरमहा सारखी रक्कम बघायची असते. शेवटी निमंत्रण नवऱ्याच्या नावानं, त्याच्या पगाराच्या स्लिपा जोडून. होर्डिंगवर झळकते मी, जामीन मात्र तो! आई परत येणार याला पुरावा म्हणून सातबारा इंग्रजी करून लावला.

ठसे द्यायला ती भावासोबत मुंबईला गेली. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र काही केल्या ठसा घेईना. तिथल्या पोरानं ओल्या कागदानं बोटं पुसली, परत ठेवायला लावली. आई त्याला म्हणाली, "दाब की लेकरा जोरात, मोडत नाही बोट." घेतला एकदाचा यंत्रानं.

व्हिसा आला. ती पोचल्यावर ४८ तासांच्या आत पाहुणी घरी आल्याची वर्दी पोलिसांना द्यावी लागते. तो फॉर्म नवऱ्यानंच भरला. शेंगेनला एकदा दिलेले ठसे सहसा ५९ महिने चालतात, म्हणजे पुढच्या खेपेला तेवढी कटकट नाही.

पण आईची अट आहे: सप्टेंबर नको, सोयाबीन काढणीला येतं. फेब्रुवारीत इथं कडाक्याची थंडी असते म्हटलं तर म्हणाली, "थंडीला स्वेटर घालता येतो माय, काढणी काही थांबत नसती."