‘करमत नाही’ला गुण किती?

आमच्या दवाखान्यात ‘सगळंच दुखणाऱ्या बाई’ असा एक शब्द आहे. आता तो तोंडात यायला जड जातो. पन्नाशीच्या एक काकू अशाच चौथ्यांदा आल्या. डोकं, पाठ, छातीत धडधड. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी केसपेपर माझ्याकडे, समुपदेशकाकडे, सरकवला.

मी पीएचक्यू-९ काढला. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण; बेरीज १० झाली की नैराश्य आहे का ते नीट बघायचं.

“गेल्या दोन आठवड्यांत निराश, उदास वाटलं?”

“नाही हो ताई, देवाच्या दयेनं सगळं बरं आहे.”

“कशात रस किंवा आनंद वाटत नाही, असं?”

“आनंद कसला, कामं असतात.”

झोपेचे तीन गुण सोडले तर शून्य. पेनाला टोपण लावता लावता, पत्ता नवा दिसला म्हणून सहज विचारलं, “नव्या घरी कसं वाटतंय?”

“करमत नाही.”

टोपण परत काढलं. झोपडपट्टी पाडून झालेल्या इमारतीत त्या चौदाव्या मजल्यावर राहतात. लिफ्ट निम्मा वेळ बंद, गुडघे धरलेले. गल्लीत चौघी मिळून पापड लाटायच्या. चौघींना चार इमारती मिळाल्या, धंदा बसला. स्वतःचा पैसा गेला, वर मेंटेनन्सचा खर्च आला. नवरा पितो, ते जुनंच. पण तेव्हा आवाज चढला की शेजारीण दारात यायची. आता दारं बंद. “चारला जाग येते. आधी नळाची वेळ होती. आता पाणी दिवसभर आहे, उठून करू काय?”

तेच नऊ प्रश्न मी त्यांच्या शब्दांत पुन्हा विचारले. बेरीज १६. नववा, मरणाच्या विचारांचा प्रश्न सुनेला बाहेर बसवून विचारला. “विचार येतो. करणार नाही, नातू आहे.” त्यांना सांगूनच सुनेला आत घेतलं, त्याच दुपारी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि केसपेपरवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मोठ्या आकड्यांत लिहिला.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्यासारखे नेहमी आढळणारे मानसिक आजार असलेले साधारण ८५ टक्के लोक उपचारांविना आढळले होते. प्रशिक्षणात हा आकडा ऐकला तेव्हा मी सगळा दोष लोकांच्या लाजेला दिला होता. माझ्या पुस्तकी मराठीचा त्यात वाटा असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी काकू आल्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणाल्या. फॉर्म बाजूला ठेवून विचारलं, “करमतं का?”

“रविवारी करमलं. पापडातली एक जण जिना चढून आली होती.”