मृतांचा कोणता आकडा धरायचा?

करोनात कोणत्या सरकारने बरं काम केलं, हा वाद निघाला की कुणीतरी राज्यवार मृत्यूंचा तक्ता पुढे करतो. त्यात महाराष्ट्र सर्वांत वर, सुमारे १.४८ लाख. पण हा तक्ता मोजलेले मृत्यू दाखवतो, झालेले नव्हे. जून २०२१ मध्ये बिहारने फेरतपासणी केली, तेव्हा त्यांचा आकडा एका दिवसात ५,४५८ वरून ९,४२९ वर गेला. महाराष्ट्रानेही जून २०२० मध्ये राहून गेलेले १,३२८ मृत्यू जोडले, त्यातले ८६२ मुंबईचे. प्रामाणिकपणे मोजणाऱ्याला खाली ओढणारी तुलना काय कामाची?

त्यापेक्षा जन्म-मृत्यू नोंदणीचे आकडे काढा. २०१५ ते २०१९ मधल्या सर्व कारणांच्या मृत्यूंवरून २०२०-२१ मध्ये किती अपेक्षित होते ते काढायचं आणि प्रत्यक्ष नोंदींतून वजा करायचं. इथे दोन ठिकाणी फसगत होते. जिथे नोंदणीच अर्धवट होती, तिथे ती सुधारली तरी मृत्यू वाढल्यासारखे दिसतात. आणि उशिरा होणाऱ्या नोंदी येत राहतात, म्हणून घाईने काढलेला आकडा कमी भरतो. केरळसारख्या वयस्कर राज्याशी तुलना करताना वयोगट वेगळे करायलाच हवेत.

केरळचीच गंमत बघा. जुलै २०२१ मध्ये देशात सर्वाधिक नवे रुग्ण तिथे सापडत होते आणि त्यावरून बरीच टिंगल झाली. त्याच सुमाराच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सर्वेक्षणात मात्र प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची किंवा लस घेतल्याची रक्तातली खूण, सापडली ती केरळात ४४ टक्के लोकांत, मध्य प्रदेशात ७९ टक्के लोकांत. म्हणजे केरळात संसर्ग न झालेले लोकच जास्त उरले होते. ते आधीच्या आवराआवरीचंच फळ होतं.

आकड्यांनंतर निर्णय. त्या तारखेला काय माहीत होतं आणि अधिकार कुणाचा होता, एवढंच विचारायचं. डेल्टा हा विषाणूचा नवा प्रकार किती वेगाने पसरेल हे आधी कळणं अवघड होतं, तो दोष फार ताणू नये. ऑक्सिजनचं तसं नाही. रुग्णालयांतल्या १५० ऑक्सिजन प्रकल्पांची निविदा केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये काढली; पुढे ते १६२ झाले. १८ एप्रिल २०२१ पर्यंत त्यांतले ३३ उभे राहिले होते. गरज ओळखलेली होती, अंमलबजावणी रखडली. पण खापर सरसकट केंद्रावर फोडण्याआधी एकेका रुग्णालयाच्या तीन तारखा मागवा: जागा आणि वीजजोडणी कधी तयार झाली, यंत्र कधी पोचलं, चालू कधी झालं. पहिली तारीख उशिराची असेल तर जाब स्थानिक यंत्रणेला, दुसरी असेल तर पुरवठादाराला आणि त्याला कंत्राट देणाऱ्याला.