दर्या, दऱ्या आणि प्रबंधाचा फाँट : माझा अनुभव

"फाइल वाचता येत नाही. पुन्हा सादर करा."

साम्यतपासणीसाठी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का हे सॉफ्टवेअरने बघण्यासाठी, पाठवलेल्या माझ्या मराठी प्रबंधावर तपासणाऱ्यांकडून अकरा दिवसांनी एवढंच उत्तर आलं. कुठली फाइल, कुठलं पान, वाचता येत नाही म्हणजे नक्की काय, काही नाही. फोन केला तर "तुमच्या टायपिंगवाल्याला विचारा". टायपिंगवाला कुडाळचा. तो म्हणाला, "सगळे ह्याच फाँटात करतत, आजवर कोणाचा काय अडला नाय." दोघांपैकी एकानेही खरं कारण सांगितलं नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

पडद्यावर मराठी दिसते म्हणजे फाइलमध्ये मराठी आहे असं नाही. कृतिदेव आणि त्याच्यासारख्या जुन्या फाँटांत संगणकाच्या लेखी सगळा मजकूर इंग्रजीच असतो, फाँट फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द आत ई, जे, के, बी, एच असा साठवलेला असतो. तपासणीच्या सॉफ्टवेअरला मुखवटा दिसत नाही. ते एकतर फाइल नाकारतं किंवा साम्य शून्य दाखवतं. शून्य बघून खूश होऊ नका. अडीचशे पानांच्या प्रबंधात साम्य शून्य आलं तर तपासणाऱ्याला पहिला संशय लबाडीचा येतो.

ओळखायची युक्ती अर्ध्या मिनिटाची आहे. फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी वाचता आली तर युनिकोड (प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत), इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली तर जुना फाँट. टायपिंगला देण्याआधीच दुकानदाराकडून अशी एक ओळ मागून घ्या. बहुतेक दुकानांत युनिकोडची सोय असते, पण बोटांना वळण जुन्या फाँटाचं.

आता जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये रूपांतर. इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टर मिळतात आणि ऐंशी-नव्वद टक्के काम एका मिनिटात होतं. उरलेल्या दहा-वीस टक्क्यांत माझे तीन आठवडे गेले.

जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो चुकतो. 'स्थिती', 'व्यक्तिमत्त्व', 'शर्ती' असे शब्द आधी तपासा. वेलांटी सुटून मधेच लोंबकळत असेल तर तिच्याबरोबर एक ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. पानावर तेवढी वर्तुळं शोधली तरी निम्म्या चुका सापडतात.

वर्तुळ न दाखवणारी चूक जास्त घातक, आणि किनारपट्टीवर काम करणाऱ्याला ती हमखास छळते. माझा विषय मच्छीमारांची शब्दसंपदा. त्यात 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. कन्व्हर्टरने दोन्हींची सरमिसळ केली. दर्यावर्दी 'दऱ्यावर्दी' झाले, मतलई वाऱ्याचं 'वार्याचं' झालं, रापण 'किनार्यावर' ओढली गेली आणि ऋणनिर्देशातल्या आचार्यांचे आचारी झाले. शब्दतपासणीवर विसंबू नका, कारण दर्या आणि दऱ्या दोन्ही शब्द बरोबरच आहेत. हे डोळ्यांनीच वाचावं लागतं.

त्यातही एक पेच आहे. 'ऱ्या' दोन प्रकारे साठवता येतो: एक, नुक्त्याचा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य, दुसरा, साधा र, हलन्त, मधे न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. दिसायला दोन्ही एकच. पण 'वाऱ्यावर' शोधलं की वर्ड फक्त एकच प्रकार दाखवतो आणि दुसऱ्या प्रकारचे शब्द तसेच राहतात. माझ्या शब्दसूचीत एकच शब्द दोनदा का येतोय हे कळायला दोन दिवस लागले. उपाय असा: वर्डच्या 'फाइंड' चौकटीत कॅरेट चिन्ह, त्याला लागून यू आणि ८२०५ (^u8205) टाका, आकडे मात्र इंग्रजी. हा त्या अदृश्य चिन्हाचा क्रमांक. जिथे जिथे सापडेल तिथे नुक्त्याचा ऱ घालून एकच प्रकार ठेवा. सगळीकडे एकदम 'रिप्लेस ऑल' करू नका, काही जोडाक्षरं मुद्दाम सुटी दाखवायलाही तेच चिन्ह वापरलेलं असतं.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. सगळा प्रबंध एकदम कन्व्हर्टरमध्ये ओतू नका. आत टाइम्स ह्या इंग्रजी फाँटात लिहिलेले इंग्रजी शब्द असतात, माशांची शास्त्रीय नावं असतात, त्यांचीही 'मराठी' होऊन बसते. वर्डमध्ये फाँटनुसार शोधता येतं. आधी टाइम्समधला सगळा मजकूर लाल करून घ्या म्हणजे नंतर कुठे बिघडलं ते दिसेल, मग फक्त जुन्या फाँटातला भाग बदला. तळटीपा वेगळ्या निवडाव्या लागतात, त्या मुख्य मजकुराबरोबर येत नाहीत. माझ्या चौथ्या प्रकरणाच्या तळटीपा तशाच राहिल्या होत्या. सालंही बघा, आकड्यांच्या जागी कधी भलतीच चिन्हं येतात.

संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरो ह्या सॉफ्टवेअरचा त्रास नाही. फुकट आहे, ऑनलाइन साठ्याला ३०० एमबी मिळतात, मराठी नावं नीट घेतो. पण वर्डमध्ये त्याने घातलेले संदर्भ जिवंत कोड असतात. तो मजकूर ब्राउझरमधल्या कन्व्हर्टरमधून फिरवून आणला की कोड मरतो, उरतो साधा मजकूर, आणि संदर्भसूची आपोआप बनत नाही. म्हणून आधी रूपांतर, मग झोटेरो. मी उलटं केलं.

छापील जुन्या पुस्तकांतले उतारे पुन्हा टाइप करत बसू नका. स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडला की मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा, पान सरळ आणि उजेड सारखा हवा.

तपासणीला शक्यतो पीडीएफ देऊ नका, वर्डचीच फाइल द्या. युनिकोडमधून नीट बनवलेल्या पीडीएफमध्येही मजकूर वाचताना जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या जागा सोडतात. पीडीएफच मागितली तर ती उघडा, दोन परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि काय उरतं ते बघा. तपासणीच्या सॉफ्टवेअरला साधारण तेवढंच दिसतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरवून दिलेल्या, सहा महिन्यांपेक्षा जास्त नसलेल्या मुदतीत सुधारून द्यायचं. नीट श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजायचे नसतात, सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही नाही. अहवाल हातात आला की ही वगळणी केली आहे का ते विचारा. लोकगीतांचे उतारे मोजले गेले तर आकडा उगाच फुगतो.

दुसऱ्या खेपेला अहवाल आठवड्याच्या आत आला. शोधगंगेसाठीच्या (प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन भांडारासाठीच्या) फायली करणं त्यापुढे किरकोळ होतं: प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ, नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असा क्रम, पासवर्ड नाही, आणि मुखपृष्ठासह निष्कर्षाची ८० क्रमांकाची फाइल.

जुन्या फाँटातली मूळ फाइल पुसू नका, आणि तिच्याबरोबर तो फाँटही पेनड्राइव्हवर ठेवा. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल ई-जे-के-बी-एच दाखवते, आणि तिथे मुळात दर्या होता की दऱ्या हे पडताळायला दुसरं काही हाताशी नसतं.